न गंजणारं स्टील गंजलं कसं?

मुलांनो, आमच्या शाळेच्या खिडकीतून मालवणचा समुद्र दिसतो. माझ्या चौथीच्या वर्गात बरीच मुलं मच्छीमारांच्या घरची आहेत. यंदा मार्च महिन्यात एक दिवस मधल्या सुट्टीत त्यातला एक जण रुमालात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आला. रुमालात निघाला एक बोल्ट. अंगठ्याएवढा जाड, आणि डोक्याखाली तपकिरी डागांनी भरलेला.

"गुरुजी, ह्यां स्टील खोटां आसा. दुकानदारान बाबांक फसयल्यान!"

झालं होतं असं. त्याच्या बाबांनी होडीच्या कठड्याला वर्षापूर्वी नवे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवले होते. लोखंडापेक्षा कितीतरी महाग. पण थोड्याच महिन्यांत त्यांच्यावर गंजासारखे डाग आले. बाबांनी तारेच्या ब्रशने घासघासून ते काढले. आठ दिवसांत पुन्हा आले, आणि तेही दुप्पट! मग काय, बाबा दुकानात जाऊन भांडून आले. रात्री जाळं ओढताना माणूस याच कठड्याला रेलून उभा राहतो. तो कठडा सुटला तर?

आता सांगा बघू, कोण खोटं? स्टील, दुकानदार, की आणखी कोणी?

त्यासाठी आधी स्टेनलेस स्टील म्हणजे काय ते पाहू. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळे मिश्रधातू करून पाहत होता. त्याने पोलादात क्रोमियम नावाचा धातू मिसळला, तेव्हा ते पोलाद सहजासहजी गंजेना. आज ज्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याला स्टेनलेस स्टील म्हणतात.

क्रोमियम करतं काय? हवेतला ऑक्सिजन घेऊन ते स्टीलवर एक पापुद्रा तयार करतं. हा पापुद्रा इतका पातळ, की तो डोळ्यांना दिसतच नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातले दोन-तीन भाग म्हणजे या पापुद्र्याची जाडी! तो पाण्याला आणि हवेला आतल्या लोखंडापर्यंत पोचू देत नाही. गंमत म्हणजे त्यावर ओरखडा पडला, तर हवा लागताच तो आपोआप पुन्हा तयार होतो. गुडघा खरचटला की नवी कातडी येते ना, तसंच. फक्त इथे ते फार झटपट होतं.

मग बोल्टचं कुठे बिघडलं? या पापुद्र्याचे तीन शत्रू आहेत.

पहिला शत्रू मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं क्लोराइड पापुद्र्याला बारीक बारीक भोकं पाडतं. म्हणून तर आजी मीठ स्टीलच्या डब्यात न ठेवता चिनी मातीच्या बरणीत ठेवते!

दुसरा शत्रू कोंडलेली जागा. बोल्टच्या डोक्याखाली, रबराच्या चकतीखाली, गुंडाळलेल्या दोरीखाली खारं पाणी साचून राहतं. तिथे हवा पोचत नाही. हवा नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणजे नवा पापुद्रा नाही. बाहेरून बोल्ट चकचकीत, आणि आत मात्र पोखरलेला!

तिसरा शत्रू साधं लोखंड. बाबांनी घासायला लोखंडी तारेचा ब्रश घेतला. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण स्टीलमध्ये रुतून बसले. ते कण गंजले आणि त्यांच्याखाली स्टीलही खराब व्हायला लागलं. म्हणजे ज्या ब्रशने डाग काढला, त्यानेच नवे डाग पेरले. स्टीलच्या बोल्टला लोखंडी वायसर लावला, तरी त्याचा गंज असाच ओघळतो.

मग स्टीलमध्येही प्रकार असतात. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. आपली बरीच चांगली भांडी याच स्टीलची. 316 नंबरमध्ये शिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. ते मिठाशी जास्त चांगली झुंज देतं. म्हणून होडीवर 316 वापरावं. लोहचुंबक लावून मात्र हे दोन ओळखता येत नाहीत, बरं का! दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. खरेदी करताना नंबर विचारायचा आणि बिलावर लिहून घ्यायचा.

मी त्या मुलाला म्हटलं, "घरी जाऊन आधी बिल बघ." दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून आला. बिलावर स्पष्ट 304 लिहिलेलं होतं. दुकानदाराने फसवलं नव्हतं. आपणच विचारलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून एक कागद तयार केला. त्यावर लिहिलं :

1. होडी किनाऱ्याला लागली की स्टीलच्या वस्तू गोड्या पाण्याने धुवायच्या आणि फडक्याने कोरड्या करायच्या.
2. घासायला मऊ कापड किंवा नायलॉनची घासणी घ्यायची. लोखंडी ब्रश नको.
3. ब्लिचिंग पावडर वापरायची नाही. त्यातही क्लोरीन असतं.
4. आडोशाची जागा आधी धुवायची. उघड्यावरचा कठडा पावसाने आपोआप धुतला जातो. छपराखालच्या वस्तूंवर मात्र मीठ साठत राहतं.
5. वर्षातून एकदा नट-बोल्ट खोलून आतून बघायचे. आतून खड्डे पडलेला बोल्ट घासून परत बसवायचा नाही, सरळ बदलायचा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत बाबांनी कठड्याचे सगळे बोल्ट खोलले. मुलाने मलाही बोलावून नेलं. बारा बोल्टांपैकी नऊ ठीक होते. दोघांवर वरवरचे डाग होते. एक मात्र, रबराच्या चकतीखालचा, मधोमध पेन्सिलीएवढाच उरला होता. आणि डोकं? आरशासारखं चकचकीत!

बाबा तो बोल्ट हातात घेऊन बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वरसून चकचकीत दिसता म्हणान ह्येका हातच लावूक नाय, गुरुजी." संध्याकाळी ते दुकानात गेले. या वेळी भांडायला नाही. 316 चे बोल्ट घेतले आणि दुकानदाराबरोबर चहाही घेतला. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली, तेव्हा माझा विद्यार्थी कठड्याला धरून ऐटीत उभा होता.

करून पाहा : आईला विचारून एक जुनी स्टीलची ताटली घ्या. तिच्यात मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि त्यावर एक साधा लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. सकाळी खिळा उचला. खाली तपकिरी डाग दिसेल. तो ताटलीचा नाही, खिळ्याचा गंज! आता त्यावर लिंबू चोळा, अर्धा तास थांबा आणि ताटली साध्या पाण्याने धुऊन पुसा. काय झालं ते वहीत लिहून ठेवा.

आणि हो, एक प्रश्न. घरातली स्टीलची भांडी रोज वापरून, धुऊन फळीवर उपडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. मग तशीच ताटली खाऱ्या चिखलात पुरून ठेवली, तर का टिकणार नाही? उत्तर वरच्या लेखातच लपलं आहे. शोधा पाहू!