ताळेबंदाबाहेरचा खर्च

वाणिज्य शाखेच्या अध्यापनाविषयी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पर्यावरण शिक्षण पडते, आणि त्याच न्यायाने अकरावी-बारावी वाणिज्यचा हा विषय काही वर्षे माझ्याकडे आहे. १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाला ही व्यवस्था खचितच अभिप्रेत नसावी.

या विषयात विद्यार्थ्यांनी सादरीकरण करायचे असते. प्रारंभी मी 'जागतिक तापमानवाढ' असा भारदस्त विषय दिला. पडद्यावर हिमखंडावरचे एकाकी अस्वल आले, शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा' आले. आवाज खणखणीत, निवेदन घडाघडा. मागच्या बाकावरून कोणी विचारले, "हे आकडे कुठले?" आणि सारा डोलारा कोसळला. चूक मुलांची नव्हती. उसना विषय पाठ करता येतो, त्याची बाजू लढवता येत नाही.

पुढील वर्षी विषय वसतिगृहाच्या आवारातूनच घेतले. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी छप्पन्न हजार लिटर उरतात. मग टँकरची बिले, टाकीचा खर्च, तिचा घसारा, भांडवल वसूल होण्याचा काळ, हे सारे मुलांनी आपणहून मांडले. पुस्तपालनाच्या तासाला जांभया देणारी हीच मुले!

एका विद्यार्थिनीने कचरा हा विषय मागून घेतला. तिची आई भंगार वेचते. तिला वर्गात अवघडल्यासारखे होईल, या भीतीने मी दुसरा विषय सुचवला. तिने तो नाकारला. सहकाऱ्यांपैकी काहींचा आक्षेप याहून मूलभूत होता. गावकीची हलकी कामे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. आपल्या लेकरांच्या हाती पुन्हा कचराच द्यायचा काय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मात्र कचरा उचलणे आणि त्याचा हिशेब मागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, तेथे वक्तृत्वाला टाळ्या मिळणार नव्हत्या; प्रश्नांना उत्तरे द्यायची होती. आज बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा आणि कचरा यांचा तपशील सेबीच्या नमुन्यात दरवर्षी जाहीर करावा लागतो. ते अहवाल कोणी तरी लिहिते, कोणी तरी तपासते. त्या खुर्च्यांवर आमची मुले का नसावीत?

त्या मुलीने दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, पुठ्ठा यांचे भंगारातले भाव फळ्यावर लिहिले. नंतर म्हणाली, "आई जे वेचून नेते, ते कचऱ्याच्या गाडीत चढतच नाही. तेवढा वाहतूकखर्च वाचतो. ही बचत कोणाच्या वहीत जमा होते?" पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनेही महापालिकेपुढे हाच मुद्दा मांडला होता. तिला ते ठाऊक नव्हते; मीच नंतर सांगितले.

माझी संस्थेला विनंती आहे की, वार्षिक स्नेहसंमेलनात वक्तृत्व स्पर्धेबरोबर अशा सादरीकरणालाही एक सत्र द्यावे, आणि समोर बसलेल्या पालकांना व विश्वस्तांना प्रश्न विचारण्याची मुभा असावी. त्या दिवशी वर्गात आलेल्या एका पाहुण्यांनी तिला विचारले, "वर्षाला एकूण किती किलो होते?" तिने वही उघडली आणि म्हणाली, "माझ्याकडे दोनच महिन्यांच्या नोंदी आहेत, सर. पावसाळ्यातल्या अजून घ्यायच्या आहेत."