रोग म्हशीला, औषध पखालीला

मंडळी, पावसाळा लागला की आमच्या कोकणात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं : "गाडीत पाणी येतंय हो कुठूनतरी!" जणू काही गाडीत पाणी येणं हासुद्धा पावसाळ्याचाच एक भाग आहे, त्याला आपण काय करणार! माझं भांडण त्या 'कुठूनतरी' या शब्दाशी आहे. आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

पाणी 'कुठूनतरी' येत नसतं. ते एका ठरावीक जागेतून शिरतं, ठरावीक उताराने वाहतं आणि ठरावीक ठिकाणी साचतं. चौतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवताना हेच सांगत आलो. उगम शोधायचा असेल तर नदीच्या मुखाशी उभं राहून भागत नाही, प्रवाहाच्या उलट दिशेने वर जावं लागतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपण शिकलेसवरलेले लोक नेमकं मुखाशीच उभे राहतो. जिथे ओलं दिसतं तिथे आपण बोट दाखवतो आणि जिथे आपण बोट दाखवलं तिथे गॅरेजवाला सिलिकॉन फासतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

"तुम्ही मराठीचे बी.ए., तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" असं आमचे व्याही मला नेहमी म्हणतात. बरोबर आहे. इंजिन मला कळत नाही. पण पाणी उताराकडे जातं हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

आमच्या भाच्याचंच उदाहरण घ्या. गाडी चार वर्षांची. गेल्या जूनमध्ये डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचायला लागलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण गावोगावी हीच तऱ्हा आहे. पहिल्या खेपेला त्यांनी दाराचं रबर बदललं. दुसऱ्या खेपेला पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मॅटिंगच बदलून टाका, वास त्याचाच येतोय." तीन वेळा बिल झालं, तीन वेळा पैसे दिले आणि तिन्ही वेळा पुढच्या मोठ्या सरीला पाणी हजर! शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली आणि आतून दोन ओंजळी कुजलेली आंब्याची पानं बाहेर काढली. गाडी घरासमोर आंब्याखाली उभी असते. पाणी बाहेर जायची भोकं पानांनी बुजली होती. तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने सरळ आत उतरत होतं. सामान काहीही लागलं नाही. आधीच्या तीन बिलांतलं एकही काम त्या पानांच्या आसपाससुद्धा गेलेलं नव्हतं.

यामागे एक मोठा गैरसमज आहे. गाडी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आहे आणि पाणी आलं म्हणजे झाकणाला कुठेतरी फट पडली, असं आपण धरून चालतो. तसं नाही. गाडी आपल्या कौलारू घरासारखी असते. कौलं काही पाणी पूर्ण अडवत नाहीत, ती पाण्याला वाट करून देतात. पन्हळ तुंबली की पाणी घरात येतं, तेव्हा आपण कौलांवर सिमेंट ओतत नाही, पन्हळ साफ करतो. गाडी बनवणाऱ्यांनीही पाणी ठिकठिकाणी आत येणार हे धरूनच त्याला बाहेर जायच्या वाटा ठेवलेल्या असतात.

दाराचंच बघा. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं थोडंफार पाणी दाराच्या पोकळीत जातंच. ते खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आतल्या बाजूला, आपल्याला दिसणाऱ्या आच्छादनाच्या मागे, एक पातळ प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर दुरुस्त करताना कुणी तो पडदा फाडला, किंवा काढून नीट चिकटवला नाही, की पाणी उंबरठा ओलांडून पायाशी येतं. दाराचं रबर कितीही वेळा बदला, काही फरक पडणार नाही. त्या रबराचा इथे दोषच नाही.

सनरूफचीही तीच गोष्ट. हल्ली सनरूफची फार हौस. त्या काचेच्या भोवतीचं रबर सगळं पाणी अडवतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात खाली एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या गाडीच्या खांबांमधून खाली जातात. नळी धुळीने बंद झाली किंवा सांध्यातून निसटली की छताचं कापड ओलं होतं, नाहीतर थेट पायाशी तळं होतं. म्हणजे गळती छतावरची आणि पाणी तळाला! गाडी घेताना सनरूफ उघडून दाखवायला सगळे तयार असतात, पण त्या नळ्या कुठे आहेत आणि साफ कशा करायच्या हे मला तरी आजवर कुणी दाखवलेलं नाही.

पाऊस नसताना पाणी येत असेल तर एसीकडे बघा. एसीच्या आत हवेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते भरपूर होतं. ते एका नळीने गाडीखाली टपकतं. ती नळी तुंबली की तेच स्वच्छ पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल, पुढची काच आतून तेलकट धुरकट होत असेल, तर ते पावसाचं नव्हे. ते हीटरमधून गळणारं कूलंट असण्याची शक्यता फार. ते विषारी असतं. मुलांना आणि कुत्र्यामांजरांना त्यापासून लांब ठेवा आणि गाडी लगेच दाखवा, कारण कूलंट कमी झालं तर इंजिन तापतं.

आता सिलिकॉनबद्दल. काही ठिकाणी सील खरंच जातं, हे मला मान्य आहे. टेललाइटमागचं गॅस्केट, अँटेनाचं बूड, छताच्या पत्र्याचा सांधा, डिकीचं रबर, अपघातानंतर बदललेली पुढची काच. पण तिथेही जुनं काढून, जागा स्वच्छ करून, योग्य ते साहित्य वापरावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ना, ते वाळताना त्यातून ॲसिडच बाहेर पडत असतं. उघड्या पत्र्यावर लावलं तर गंजाला आमंत्रण. शिवाय एकदा सिलिकॉन बसलं की त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, म्हणजे पुढच्या माणसाचं काम दुप्पट. पुढची काच तर नुसती वारा अडवायला नसते. ती बॉडीला चिकटवलेली असते आणि अपघातात छताला आधार देते. तिचं चिकटवणं कच्चं असेल तर वरून सिलिकॉनची रेघ ओढणं म्हणजे धोका झाकून ठेवणं. आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे, फट समजून कुणी पाणी बाहेर जायचं भोकच बुजवलं, तर औषधानेच रोग केला!

"चालायचंच, पावसाळा आहे, उन्हात वाळेल," असं म्हणणारेही मला भेटतात. वरचं मॅटिंग वाळतं हो! त्याच्याखाली जाड फोम असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं, दाबलं तर पाणी. त्या ओलीत बुरशी धरते आणि काचा बंद करून, एसी लावून आपण तीच हवा नातवंडांच्या छातीत भरतो. ज्या घरात दम्याचं मूल आहे त्यांनी तर हे हसण्यावारी नेऊच नये. वर सुगंधी डबी टांगली की झालं! खाली पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्याहून गंभीर म्हणजे वायरिंग. अनेक गाड्यांत मॅटिंगखालून वायरी जातात, सीटखाली एअरबॅगचे आणि पट्ट्याचे जोड असतात. ते ओले होऊन गंजले की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. तो दिवा लागला म्हणजे ऐन वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री राहिली नाही.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, जुलै २०२१ मध्ये आमचं चिपळूण बुडालं. तेव्हा बुडालेल्या गाड्या बघून सगळे हळहळले. पुराचं पाणी डोळ्यांना दिसतं म्हणून ते संकट. वाटीवाटीने येणारं पाणी तेच नुकसान दोन-तीन वर्षांत करतं, पण ते आपल्याला फक्त 'वास' वाटतो.

मग शोधायचं कसं? आमच्या शाळेत गणिताचे सर नुसत्या उत्तराला पूर्ण मार्क देत नसत. रीत दाखव म्हणत. इथेही रीत आहे आणि ती घरी करता येते. आधी मॅटिंग उचलून फोमसकट आतून पूर्ण कोरडं करा. ओल्या गाडीत नवी गळती सापडत नाही. मग कोरड्या दिवशी अर्धा तास एसी चालवून बघा. पाणी आलं तर पावसाचा प्रश्न मिटला. नाही आलं तर एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, जोर न लावता, पाणी सोडावं. सुरुवात खालून करायची. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही. खालचा भाग भिजवूनही आत कोरडं राहिलं तर तो भाग निर्दोष, मग वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर सगळं एकदमच भिजतं आणि काहीच कळत नाही. एका जागी पाच-दहा मिनिटं धीर धरा. आत वर्तमानपत्राचे कागद अंथरले तर पहिला थेंब कुठे पडला ते दिसतं. रबराचा संशय असेल तर कोरड्या रबरावर खडूची पूड लावा, पाणी जिथून जाईल तिथे ओघळ उमटेल. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढून बघा. सहज सुटला तर तिथे रबर दाबत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघायला विसरू नका, तिथलं तळं महिनोन्महिने कुणाला कळत नाही.

गॅरेजवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एक तरुण मेकॅनिक मला म्हणाला, "सर, दोन तास पाणी मारून शोधलं आणि पानं काढून दिली तर गिऱ्हाईक म्हणतं, केलंस काय? पन्नास रुपये घे. रबर बदललं की दोन हजार मुकाट्याने देतं." त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आपण सामानाचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग तो सामानच विकणार. डॉक्टरने नुसतं तपासलं तरी आपण फी देतो ना? तशी शोधण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि आनंदाने द्या.

पण पैसे दिले की हक्काने विचाराही. पाणी कुठून शिरत होतं ते मला दाखव. दुरुस्तीनंतर माझ्यासमोर त्याच जागी पुन्हा पाणी मारून दाखव. आणि बिलावर 'वॉटर लीकेज वर्क' असं मोघम न लिहिता जागा लिही. जो या तीन गोष्टींना तयार नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर हे सगळं लेखी मागा, फोटो काढून ठेवा.

असो. फार लांबलं. पुण्या-मुंबईच्या भाचे-पुतण्यांना आणि नियमित वाचणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं, की येत्या रविवारी बॉनेट उघडून वायपरखालची पानं काढा, दारांच्या तळाची भोकं काडीने हलक्या हाताने मोकळी करा आणि मॅटिंगच्या खाली एकदा हात घालून दाबून बघा. ओलं लागलं तर सिलिकॉनची ट्यूब आणू नका, आधी पाण्याची वाट शोधा. आणि ती कुठे सापडली ते मला जरूर कळवा.