‘जय भीम’ म्हणणारा प्रत्येक जण आपला नसतो : ऑनलाइन लिलावातली लूट आणि आपली जबाबदारी



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा रात्री साडेअकराला दारात येऊन उभा राहिला. वय चोवीस. पार्सल पोचवण्याचं काम करतो, तेही भाड्याच्या गाडीवर. “दादा, घरी सांगू नका,” हे त्याचं पहिलं वाक्य.

झालं असं. ‘बँकेने जप्त केलेल्या दुचाकींचा ऑनलाइन लिलाव’ अशी जाहिरात त्याला मोबाइलवर दिसली. त्याने बोली लावली आणि तो ‘जिंकला’. मग नोंदणी फी, मग अनामत, मग जीएसटी, मग वाहतूक खर्च असे चार वेळा मिळून एकतीस हजार रुपये गेले. गाडी आली नाही, फोन बंद झाला. पैसे आईच्या नावावर बचत गटातून उचललेले. मी विचारलं, “अरे, तुला शंका आली नाही?” तो म्हणाला, “फोन करणाऱ्याच्या डीपीला बाबासाहेबांचा फोटो होता. जय भीम भाऊ म्हणाला. आपल्या समाजातल्या पोरांसाठी बोली कमी ठेवलीय म्हणाला.”

फसवणूक होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस हा मुलगा लाजेने गप्प होता. हा लेख त्या नऊ दिवसांबद्दल आहे.

हाव की गरज?

अशी घटना कळली की आपल्यातलेच शिकलेले लोक पटकन म्हणतात, “हाव नडली.” हे म्हणणं मला मान्य नाही. नवी दुचाकी रस्त्यावर आणायला लाखाच्या आसपास लागतात. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्याला कर्ज मिळायला किती खेटे घालावे लागतात हे आपल्याला माहीत आहे. तीस हजारांत गाडी शोधणारा मुलगा हावरट नसतो, त्याची ऐपतच तेवढी असते. ठग नेमकी हीच गरज हेरतो.

लिलावाची जागा त्याला सोयीची पडते, त्याचंही कारण आहे. दुकानात किंमत दुकानदार सांगतो, त्यामुळे आपण सावध असतो. लिलावात किंमत आपणच बोलतो, त्यामुळे ती आपली वाटते. घड्याळ उलटं चाललेलं असतं, विचार करायला वेळ नसतो. समोर बोली चढवणारे बहुतेकदा त्याच टोळीचे असतात, पण त्यांना मागे टाकल्यावर आपण काहीतरी कमावलं असं वाटतं. नंतर मागितलेली प्रत्येक रक्कम आधी गेलेल्या पैशांपेक्षा लहान असते. ‘इतके गेले, आता तीन हजारांसाठी कशाला सोडू’ या विचारात माणूस आणखी आत ओढला जातो. कोणीही ओढला जाईल. पण ज्याच्याकडे शिल्लक आहे तो नुकसान पचवतो, आणि आपल्या मुलाचा बचत गटाचा हप्ता पुढच्याच आठवड्यात असतो.

बाबासाहेबांच्या नाण्याचा बाजार

दुसरा प्रकार तर आपल्याच ग्रुपवर फिरतो. ‘१९९० सालचं बाबासाहेबांचं एक रुपयाचं नाणं असेल तर पाच लाख मिळवा.’ हे नाणं जन्मशताब्दीनिमित्त निघालं, चलनात फिरलं, अजूनही अनेकांच्या घरात आहे. विकायला गेलं की ‘लिलावात नाव घालायची फी’ मागतात. दुसरीकडे तेच नाणं ‘अतिदुर्मीळ’ म्हणून आपल्याच मुलांना चढ्या बोलीत विकतात. फी भरणाऱ्याला वाटतं रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, कारण पावतीवर तिचा शिक्का असतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतंही शुल्क मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

१९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष देणाऱ्या अर्थतज्ज्ञाचा चेहरा वापरून त्याच्याच लेकरांचा रुपया लुटला जातो, आणि आपले अॅडमिन ते मेसेज तपासल्याशिवाय पुढे ढकलतात. याचा राग आपल्याला यायला हवा.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितलं की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. मग डीपीवर फोटो आहे म्हणून विश्वास कसा ठेवायचा? आपली एकमेकांवरची माया ही आपली ताकद आहे. ती टिकवायची असेल तर व्यवहारात तपासणी हवीच. खरा आपला माणूस तपासल्याने रागावत नाही.

बोली लावण्याआधी

१. लिलाव कोण करतंय ते जाहिरातीबाहेर तपासा. ज्या बँकेचं नाव आहे तिच्या शाखेत जाऊन विचारा. सरकारी बँकांनी ताब्यात घेतलेल्या मालमत्तांचे लिलाव ‘बँकनेट’ या पोर्टलवर असतात, सरकारी खात्यांचा जुना माल बराचसा ‘एमएसटीसी’च्या पोर्टलवर निघतो. मेसेजमधल्या लिंकवरून तिथे जाऊ नका.

२. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. खऱ्या लिलावात माल पाहण्याची तारीख आणि जागा दिलेली असते. गाडीचा नंबर ‘एमपरिवहन’ अॅपवर टाका. चासी नंबर जुळतो का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ते पाहा. कर्ज देणाऱ्या संस्थेची ना-हरकत आणि आरटीओचे कागद यांची खात्री आधी करा.

३. अनामत रक्कम संस्थेच्या नावाच्या खात्यातच जाते आणि बोली हरलात तर परत मिळते. कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागितले की तिथेच थांबा. जिंकल्यानंतर नवनवी फी निघू लागली तरीही थांबा. गेलेले वाचवायला आणखी घालू नका.

४. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. परतावा मिळेल म्हणून क्यूआर स्कॅन करून पिन टाकला, तर पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

५. व्यवहार वेबसाइट सोडून व्हॉट्सअॅपवर करू म्हणणाऱ्याला, आणि मोबाइलची स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावणाऱ्याला, सरळ नकार द्या.

फसवणूक झाल्यावर

पहिलं काम, १९३० वर फोन. लगेच. चोरलेला पैसा काही तासांत अनेक खात्यांतून फिरून बाहेर पडतो. तो वाटेत असताना तक्रार झाली तर गोठवला जाऊ शकतो. लगेच बँकेलाही कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट, नंबर, पावत्या काहीही पुसू नका.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. खरेदी एखाद्या नोंदणीकृत ऑनलाइन कंपनीमार्फत झाली असेल, तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

आमच्या त्या मुलाची तक्रार आम्ही त्याच रात्री नोंदवली. पण नऊ दिवसांत पैसे कधीच निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी तो एकटा ठाण्यात गेला तर “तूच पाठवलेस ना?” म्हणून त्याला परत पाठवलं. संध्याकाळी आम्ही पाच जण गेलो, लेखी अर्ज दिला, कलमं सांगितली. गुन्हा नोंदवून घेतला गेला. एकट्याला मिळालेलं उत्तर आणि पाच जणांना मिळालेलं उत्तर, यातला फरक आपल्या चळवळीला नवा नाही.

सावध राहण्याची जबाबदारी फक्त खरेदीदारावर टाकणंही मला पटत नाही. खोट्या जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या समाजमाध्यम कंपन्या, बनावट नावाने खाती उघडू देणाऱ्या बँका आणि भाड्याची सिमकार्डं विकणारे यांना जाब विचारला पाहिजे. पण जाब विचारायला कागदावर तक्रार लागते. लाजेने दडवलेली फसवणूक कुठल्याच नोंदीत येत नाही.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला माझी विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात दहा मिनिटं या विषयाला द्या. अभ्यासिकेच्या भिंतीवर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. नाण्यांचे मेसेज टाकणाऱ्याला ग्रुपवरच टोका. आणि कोणी फसून दारात आला तर ‘तुला कळलं कसं नाही’ हा प्रश्न गिळून टाका, आधी फोन लावा. मीही त्या रात्री आधी प्रश्नच विचारला होता. ती माझी चूक होती.

जय भीम!