गोदामांतील फोर्कलिफ्ट आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर

नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाइतदारांच्या आणि कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्यांच्या संस्था आतां माल पिकवून थांबत नाहींत. २००२ सालच्या कंपनी दुरुस्ती कायद्यानें शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढण्याची वाट मोकळी झाली, आणि दिंडोरी, निफाड या तालुक्यांत पॅकहाऊसें, शीतगृहें व गोदामें उभीं राहिलीं. मोहाडी येथील सह्याद्रि फार्म्सचें काम तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. माल पॅलेटवर रचला जाऊं लागला म्हणजे तो उचलावयास फोर्कलिफ्ट यंत्र लागतें. यंत्र आलें म्हणजे इंधन आलें. आणि इंधन गॅसचें असेल तर सिलिंडर पोलादी घ्यावा कीं ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न संचालक मंडळापुढें येतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर हलका, लोखंडासारखा न गंजणारा आणि दिसावयास चकचकीत. परदेशी माहितीपत्रकांतून त्याची वाखाणणी भरपूर आढळते. ही खरेदी सभासदांच्या भांडवलांतून व्हावयाची असल्यामुळें त्या वाखाणणीची थोडी छाननी करणें आम्हांस जरूर वाटतें.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. धातूचा प्रश्न तिसरा आहे. त्याच्या आधींचे दोन असे: हें यंत्र कोणत्या छपराखालीं चालावयाचें, आणि रिकामा झालेला सिलिंडर भरून कोण देणार? यांचीं उत्तरें हातीं नसतां धातूवर वाद घालीत बसणें म्हणजे बाजारांत तुरी असतांना घरांत भांडण्यासारखें आहे.

पहिला प्रश्न घेऊं. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षाच्या पॅकहाऊसांत श्वास घेण्यास फुरसत नसते. निवडणीच्या टेबलांशीं स्त्रिया ओळीनें उभ्या असतात. त्यांच्या पाठीमागून पॅलेट प्रीकूलिंगच्या खोलीकडे जातात, तेथून शीतगृहांत आणि शेवटीं रीफर कंटेनरांत. थंडावा टिकावा म्हणून दारें लावलेलीं, पडदे सोडलेले, बाहेरची हवा होईल तितकी अडविलेली. अशा जागीं गॅसवर चालणारें इंजिन सोडणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. डिझेलचा धूर काळा दिसतो, डोळ्यांस झोंबतो, म्हणून मनुष्य सावध तरी होतो. गॅसच्या इंजिनाचा धूर दिसत नाहीं, आणि स्वच्छ इंधन म्हणून त्याची ख्याति असल्यामुळें कोणी त्याच्याकडे संशयानें पाहतही नाहीं. परंतु जळण अपुरें झालें कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु बाहेर पडतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मग भोंवळ येते. बाई सकाळपासून उपाशी असेल असें समजून तिला बाहेर बसवितात. मोकळ्या हवेंत तिला बरें वाटतें, आणि पुन्हां तिला आंत पाठवितात! इंजिनाच्या नळीला धूर शुद्ध करणारें उपकरण बसविल्यास हा वायु पुष्कळ कमी होतो. तो नाहींसा होत नाहीं, आणि इंजिनांतील हवा-गॅसचें मिश्रण बिघडल्यास त्या उपकरणाचाही भरंवसा उरत नाहीं.

याच धुरांत थोडा एथिलीन असतो. केळीं पिकविण्याच्या खोलींत जो वायु सोडतात तोच हा. द्राक्षाला त्याची बाधा फारशी होत नाहीं. पण त्याच छपराखालीं हिरवा टोमॅटो किंवा काकडी ठेवली असेल तर टोमॅटो वेळेआधीं पिकूं लागतो आणि काकडी पिवळी पडते. ज्या मालाचें आयुष्य वाढविण्यासाठीं विजेचें भलें मोठें बिल भरावयाचें, त्याचें आयुष्य यंत्राच्या नळीनें कमी करावयाचें, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो?

म्हणून बंद छपराखालीं बॅटरीवर चालणारेंच यंत्र असावें. त्याची पहिली किंमत बहुधा अधिक पडते, वीज जाते ही तक्रारही खरी आहे, आणि शिसें-आम्लाच्या बॅटरीला वीज भरतांना हायड्रोजन सुटत असल्यामुळें तिच्यासाठीं हवेशीर जागा वेगळी काढावी लागते. हें सर्व जमेस धरूनही आमचा सल्ला बदलत नाहीं.

कांद्याचें काम निराळें. लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथल्यासारखें मोकळें आवार असेल, शेडच्या बाजू उघड्या असतील, वारा आरपार जात असेल, तर तेथें गॅसच्या यंत्रास आमची हरकत नाहीं. दुसरा प्रश्न तेथें उभा राहतो.

आपल्याकडे गॅसचे सिलिंडर सामान्यतः तेल कंपनीच्या मालकीचे असतात. ग्राहक अनामत भरतो आणि रिकामा देऊन भरलेला घेतो. संस्थेनें हौसेनें विकत आणलेला स्वतःचा सिलिंडर भरून देण्यास कोणी बांधलेला नाहीं. शिवाय २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणें सिलिंडरचा नमुना मंजूर झालेला असावा लागतो, त्याची दाबाची चांचणी ठराविक मुदतीनें व्हावी लागते, आणि परवानाधारक ठिकाणाहून अन्यत्र तो भरतां येत नाहीं. या सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या खात्याची मुख्य कचेरी आपल्या नागपुरांतच आहे. एका वेळीं शंभर किलोंहून अधिक गॅस सांठवावयाचा झाल्यास सांठ्याचाही परवाना लागतो. म्हणजे पंधरा किलोंचे सहा सिलिंडर झाले कीं सातव्याला दार बंद. अमेरिकेंत ॲल्युमिनियमचे सिलिंडर फोर्कलिफ्टवर सर्रास दिसतात हें खरें. पण तेथें भरलेले सिलिंडर पुरविणारी गाडी गोदामाच्या दारांत येते. माहितीपत्रकें तेथून आमच्याकडे येतात, गाडी येत नाहीं.

आणि सोय नसली कीं माणूस घरांतल्या सिलिंडरकडे वळतो. त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. १४.२ किलोंचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकावांचून दुसऱ्या कामीं वापरण्यास २००० सालच्या सरकारी आदेशानें मनाई आहे. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी तो सिलिंडर या कामाचा नव्हेच. चुलीसाठीं तो उभा ठेवून वरचा वायु घेतात. फोर्कलिफ्टचा सिलिंडर आडवा बसतो आणि त्यांतून द्रवरूप गॅस इंजिनाकडे जातो. त्याच्या कड्याला एक भोंक असतें, तें यंत्रावरील खुंटींत अडकलें म्हणजे सुरक्षा-झडप वरच्या, वायूच्या बाजूस राहते. घरगुती सिलिंडर आडवा बांधला तर ही व्यवस्था कोठली? गळती झाली तर द्रवाच्या एका मापाचा सुमारें अडीचशें मापें वायु होतो, तो हवेहून जड असल्यामुळें वर उडून न जातां ट्रक लावण्याच्या खड्ड्यांत सांचतो, आणि तेथें बिडी ओढीत बसलेल्या हमालाला त्याची वार्ताही नसते.

आतां धातु. फोर्कलिफ्टसाठीं सुमारें पंधरा किलो गॅस मावेल असा पोलादी सिलिंडर रिकामा असतां साधारण पंधरा-सोळा किलो भरतो. ॲल्युमिनियमचा त्याहून चारपांच किलो हलका. विक्रेते याला ‘एकतृतीयांश हलका’ म्हणतात. तो हिशेब रिकाम्याचा झाला. यंत्रावर चढवावयाचा असतो तो भरलेला, आणि भरल्यावर तीस-एकतीस किलोंच्या जागीं सव्वीस-सत्तावीस उरतात. तरी हें अंतर आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. पन्नास किलोंचें पोतें पाठीवर टाकणारा गडी सव्वीस किलोंना भीत नाहीं. पण यंत्राच्या पाठीमागें छातीइतक्या उंचीवर, हात लांब करून, वांकड्या अंगानें ओझें ठेवतांना कमरेला प्रत्येक किलो जाणवतो. हलक्या सिलिंडराची गरज आपल्याकडेही ओळखली गेली आहे. २०२१ सालीं इंडियन ऑइलनें घरगुती वापरासाठीं कांचतंतु व प्लॅस्टिकचा सिलिंडर काढला तो याचसाठीं.

न गंजण्याचा गुण खरा आहे, परंतु त्याला आमच्या जिल्ह्यापुरती एक पुरवणी जोडली पाहिजे, जी माहितीपत्रकांत सांपडणार नाहीं. पावसापाण्यानें पोलाद तांबडें पडतें, विशेषतः बुडाच्या कड्याखालीं; ॲल्युमिनियम तसें होत नाहीं. पण ॲल्युमिनियमला चुना आणि कॉस्टिक सोडा खातात, आणि मोरचूद तर त्याचा वैरीच. आमच्या बागाइतदाराच्या गोदामांत बोर्डो मिश्रणाचा चुना व मोरचूद कोठल्या ना कोठल्या कोपऱ्यांत असतोच! त्या ओल्या कोपऱ्यांत चकचकीत सिलिंडर पावसाळाभर ठेवला तर त्यास बारीक खड्डे पडतील, आणि ते तांबड्या गंजाप्रमाणें दुरून दिसणार नाहींत. आगीची झळ लागलेला सिलिंडर कोणत्याही धातूचा असो, तपासल्यावांचून भरूं नये. ॲल्युमिनियमचा तर सरळ बाद करावा, कारण पोलादापेक्षां पुष्कळ कमी उष्णतेंत त्याचें बळ जातें. मोडीच्या बाजारांत या धातूला लोखंडाहून चांगला भाव येतो हेंही रात्रीच्या राखणदाराला सांगून ठेवावें.

तेव्हां ज्या संस्थेचें यंत्र मोकळ्या आवारांत चालतें, आणि जिला मंजूर नमुन्याचा सिलिंडर नियमितपणें भरून व तपासून मिळण्याची लेखी हमी आहे, तिनें ॲल्युमिनियमसाठीं जादा पैसा खुशाल मोजावा. हमालाच्या कमरेसाठीं तो खर्च योग्य आहे. इतरांनीं पोलादी सिलिंडरावर किंवा डिझेलच्या यंत्रावर काम चालवावें. खरेदीचा ठराव सभेपुढें येईल तेव्हां सिलिंडर भरून देणाऱ्या वितरकाचें पत्र त्यास जोडलेलें आहे कीं नाहीं हें सभासदांनीं विचारावें, आणि नसल्यास ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा.