‘नाना’ या शेऱ्याचा इतिहास : अपंग सैनिक खटला नेमका कुठे हरतो?

१/
लष्करी वैद्यकीय मंडळाच्या कागदावर पुष्कळदा एक शेरा आढळतो : ‘हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही.’ इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नाना’ म्हणतात. नाव घरगुती आहे, परिणाम मात्र कठोर. हा शेरा पडला की अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दार बंद होते. त्या शेऱ्याचा आणि तो खोडून काढण्याच्या लढाईचा हा इतिहास.

२/
आरंभीच प्रतिपादन मांडलेले बरे. या लढाईत कायदा बव्हंशी सैनिकाच्या बाजूने उभा राहिला आहे. तरीही वाशिमसारख्या जिल्ह्यातला शिपाई हरतो, कारण त्याचा खटला उभाच राहत नाही. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी या विषयातला जाणता वकील मिळणे हा त्या निवृत्तिवेतनाच्या हक्काचाच भाग मानला पाहिजे. त्याला कल्याणकारी उपक्रम म्हणणे ही शुद्ध पळवाट आहे.

३/
जायबंदी सैनिकाची तरतूद ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीत युद्धात पडलेल्यांच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ दिली जात असे. पण ती धन्याची कृपा होती. ती नाकारली गेली तर दाद मागायची तीही धन्याकडेच. देणारा आणि न्याय करणारा एकच, ही या इतिहासातली सर्वांत जुनी गाठ.

४/
इंग्रजी अमदानीने ती गाठ सोडवली नाही, उलट कायद्यात बांधली. १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम ४ ने सरकारी पेन्शनविषयीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. कलम ६ नुसार दावा चालवायचाच असेल, तर कलेक्टरचा किंवा अधिकृत अधिकाऱ्याचा दाखला हवा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी!

५/
याच साम्राज्याने स्वतःच्या घरात मात्र वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटनने युद्धातील अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हा कायदेशीर हक्क मानला आणि त्यासाठी अपील न्यायाधिकरणे नेमली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, पुराव्याचा भारही सैनिकाच्या खांद्यावरून उतरवला. पुराव्याचे माप ठरवणारा न्यायमूर्ती डेनिंग यांचा १९४७ चा मिलर निकाल आजही विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. तो खटला युद्ध-निवृत्तिवेतनाचाच होता.

६/
स्वतंत्र भारतात सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारींसाठी संसदेने न्यायाधिकरणाचा कायदा केला तो २००७ मध्ये. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे कामकाज सुरू झाले ऑगस्ट २००९ मध्ये. विधी आयोगाने १९९९ मध्येच आपल्या १६९ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तोवर अपंग सैनिकापुढे दोनच वाटा होत्या : खात्याकडे अर्ज, नाहीतर उच्च न्यायालयात रिट.

७/
आता नियमांकडे. १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन विनियमांतील क्रमांक १७३ नुसार अटी दोन : अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेने बळावलेले असावे, आणि ते किमान २० टक्के असावे. १९८२ च्या पात्रता नियमांनी त्यात मोलाची भर घातली. भरतीच्या वेळी सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे. पुढे प्रकृती बिघडून त्याला सेवामुक्त केले, तर ती बिघाड सेवेमुळेच झाली असे गृहीत धरावे. पुराव्याचा भार सैनिकावर नाही. संशयाचा फायदा त्याला.

८/
योगायोग पाहा. त्याच १९८२ च्या १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितले की निवृत्तिवेतन ही सरकारची बक्षिसी नव्हे. तो केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ नियमही आहे आणि तत्त्वही आहे. मग ‘नाना’ टिकला कसा? कारण नियम वाचून दाखवणारा कोणी सैनिकाजवळ नव्हता.

९/
धरमवीर सिंग यांचा खटला या विषयाचा कणा आहे. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती. १९९४ मध्ये अपस्माराच्या झटक्यांमुळे २० टक्के अपंगत्वासह सेवामुक्ती. मंडळाचे मत : आजाराचा सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयाच्या एकल पीठापुढे ते जिंकले, खंडपीठापुढे हरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २ जुलै २०१३ रोजी. वीस टक्क्यांसाठी एकोणीस वर्षे.

१०/
निकालाचा गाभा साधा होता. भरतीच्या वेळच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो नंतर जडला असेच मानावे लागेल. तो तेव्हा तपासणीत सापडू शकला नसता असे मंडळाचे म्हणणे असेल, तर त्याची कारणे मंडळाने लिहावीत. कारणांविना नुसता शेरा चालणार नाही. न्यायालयाने नवा हक्क निर्माण केला नाही. १९८२ चा नियम मोठ्याने वाचून दाखवला, इतकेच.

११/
पुढच्याच वर्षी आणखी दोन निकाल आले. जून २०१४ मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात हीच दिशा पक्की झाली. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. या पद्धतीत ५० च्या आतले अपंगत्व ५० टक्के धरले जाते. २००६ नंतरच्या हिशेबाने २० टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ६ टक्के मिळतात. ५० धरल्यास १५ टक्के. लहान शेतकरी कुटुंबात हा फरक म्हणजे वर्षभराचे औषधपाणी.

१२/
हे सारे मिळाले ते सरकारशी झगडून. राम अवतार निकालाने केंद्र सरकारची एकगठ्ठा अपिले फेटाळली गेली. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग सैनिकांविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, असे तिने सुचवले. ज्या खात्याच्या मंत्र्यालाच आपल्या खात्याची अपिले आवरावी लागतात, त्या खात्यासमोर एकटा शिपाई वकिलाविना उभा राहू शकेल, ही कल्पनाच भाबडी आहे.

१३/
उशिराची किंमतही पैशांतच मोजली जाते. २००८ च्या तरसेम सिंग खटल्यातील सैनिक १९८३ मध्ये सेवामुक्त झाला आणि न्यायालयात पोहोचला १९९९ मध्ये. हक्क मान्य झाला, पण थकबाकी मात्र दावा दाखल करण्याच्या आधीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच मिळाली. पुढे असंख्य प्रकरणांत हाच दंडक लावला गेला. सल्ला देणारा कोणी भेटला नाही म्हणून गेलेली वर्षे कायमची गेली.

१४/
काळ पुरावाही खातो. लष्करी विनियमांनुसार ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही, त्यांची सेवापत्रके २५ वर्षांनंतर नष्ट करता येतात. म्हणजे १९९० मध्ये पेन्शनविना घरी आलेल्या जवानाची वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे २०१५ नंतर मिळतीलच असे नाही. आधी नाकारायचे, मग कागद जाळायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘पुरावा कुठे आहे?’

१५/
आता वाशिम. वाकाटकांचे वत्सगुल्म. इंग्रजी काळात ‘बासीम’ हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला गेला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन तो पुन्हा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी जवळ यावी यासाठी लोक किती आग्रही असतात, हे या भूमीला ठाऊक आहे. सैनिकाच्या न्यायाची कचेरी मात्र जवळ आली नाही.

१६/
रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या निवृत्त नायकाचा विचार करावा. तो मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर त्याचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरला. निवृत्तिवेतनाचे लेखा कार्यालय प्रयागराजला. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला, पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. एका माणसाचा एक आजार, आणि त्याचे कागद तीन राज्यांत.

१७/
तेवढ्यावर भागत नाही. पात्रता नियम १९८२ चे, नंतर २००८ चे आणि आता २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे. कोणाला कोणते लागू, हे तारखेवर ठरते. न्यायाधिकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या निकालाने जवळजवळ बंद झाली आणि मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास निकालाने पुन्हा खुली झाली. गुडघा निकामी झालेल्या माणसाने हे सारे स्वतःच शोधून काढावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

१८/
पहिला आक्षेप : ‘या पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो.’ त्यासाठी महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालाचा दाखला देतात. त्यानुसार २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाचा लाभ मिळाला. इतर दर्जाच्या सैनिकांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के. आकडे खरे, पण ते नीट वाचावेत. पाठीवर ओझे वाहणाऱ्याचा वाटा कागद जाणणाऱ्याच्या निम्म्याहून कमी आहे. गैरवापर असेल तर तो जरूर तपासावा. त्यासाठी जवानाची वाट अरुंद करणे हा उलटा न्याय होय.

१९/
दुसरा आक्षेप : ‘वकील सैनिकांना लुबाडतील.’ अमेरिकेने नेमक्या याच भीतीपोटी १८६४ मध्ये अशा दाव्यांतील वकिलाची फी दहा डॉलरवर गोठवली. ती मर्यादा शतकाहून अधिक टिकली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. वकील दूर राहिले, आणि सैनिक एकटा पडला. १९८८ मध्ये तिथल्या काँग्रेसने स्वतंत्र न्यायालय दिले व ते बंधन सैल केले. लुबाडणुकीवरचा उपाय मोफत आणि जबाबदार वकील हाच आहे.

२०/
तिसरा आक्षेप : ‘जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहेच.’ आहे, आणि ते हवेच. पण अर्ज पुढे पाठवणे वेगळे आणि मंडळाचा शेरा कायद्याने खोडून काढणे वेगळे. डॉक्टरांचे मत वाचून त्यात कारणे दिलेली नाहीत हे हेरणे, विहित मुदतीत अपील लिहिणे, ते फेटाळले गेल्यास मुंबईत प्रकरण दाखल करणे, हे वकिलाचे काम आहे. कल्याण कार्यालयाने ते करावे ही अपेक्षा त्या कार्यालयावरही अन्याय करणारी आहे.

२१/
कायद्याचा आधार तयार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम १२ मध्ये अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. वीरपत्नींनाही त्याचा आधार घेता येतो. ‘माजी सैनिक’ असा स्वतंत्र उल्लेख त्या कलमात नाही. या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणेही येतात. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. जिल्हा सैनिक मंडळांत विधी सेवा केंद्रे, हा तिचा कणा.

२२/
योजनेचे स्वागत करावे, आणि मोजमाप कठोर ठेवावे. उद्घाटनाची फीत आणि भिंतीवरचा फलक म्हणजे विधी साहाय्य नव्हे. प्रत्येक केंद्राला चार प्रश्न विचारावेत. लष्करी निवृत्तिवेतनाचे नियम शिकलेला वकील ठरलेल्या दिवशी बसतो का? रेकॉर्ड ऑफिसकडून मंडळाचे कागद मागवण्याचे काम पहिल्याच भेटीत होते का? अपील तिथेच लिहिले जाते का? मुंबईतील खंडपीठापुढे त्याच सैनिकासाठी उभा राहणारा वकील ठरलेला आहे का?

२३/
बालपरवेशी देणारा धनी गेला, दाखला देणारा कलेक्टर बदलला. देणारा आणि न्याय करणारा एकच, ही गाठ न्यायालयांनी बरीचशी सोडवली. उरलेली गाठ वाशिम आणि मुंबई यांच्यामधली आहे. भरतीच्या वेळी सैन्य थेट जिल्ह्यात येते, मैदानावर जवानांची उंची आणि छाती मोजते. सेवेत शरीर मोडल्यावर न्यायानेही तेवढेच अंतर चालून त्याच्या जिल्ह्यात यावे. यात उपकार कोणताच नाही. देणे आहे, आणि ते थकलेले आहे.

(समाप्त)