डावखुऱ्यांची झरणी

दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-सहा जण. अक्षर सुधारावे म्हणून काही शाळा आजही शाईच्या पेनाचा आग्रह धरतात आणि या पाच-सहा जणांच्या वहीवर 'अस्वच्छ लेखन' असा शेरा पडतो. तो शेरा खरे तर घर्षण आणि बाष्पीभवन यांना द्यायला हवा!

मैदानावरचा जड रूळ ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे, हे तुम्ही बलाच्या घटकांच्या पाठात शिकता. ढकलताना बलाचा एक घटक रूळ जमिनीत दाबतो, ओढताना तो वर उचलतो. झरणीचेही तसेच आहे. तिच्यातील शाई निबच्या चिरेतून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. टोक कागदावर हलकेच सरकले, की काम झाले. उजव्या हातातले पेन उजवीकडे कललेले असते, म्हणून डावीकडून उजवीकडे लिहिताना निब ओढली जाते. डावखुऱ्याचे पेन डावीकडे कलते आणि तीच निब त्याला ढकलावी लागते. टोक कागदात रुतते, तंतू उचकटतात, शाई अडते किंवा उडते. बॉलपेनातली गोळी कोणत्याही दिशेला फिरते, त्यामुळे तिथे ही अडचण फारशी येत नाही.

देवनागरीत याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो शिरोरेघेला. शब्दागणिक एक लांब आडवी रेघ, आणि तीही ढकलत!

त्यात पावसाळा. शाई म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेला रंग. कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग. जुलैत इथली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, दप्तरातली वहीसुद्धा दमट लागते. जानेवारीत पाहता पाहता वाळणारे अक्षर तेव्हा ओलेच राहते आणि मागून येणारा डावा हात त्यावरून फिरतो. माथेरानखालच्या वाडीतल्या मुलाची करंगळी निळी दिसली, तर त्याला निष्काळजी ठरवण्यापूर्वी हवेकडे पाहावे.

यावर हात बदलायला लावणे हा उपाय नव्हे. प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, या संस्काराशी माझे भांडण नाही. पण लेखणीला तो नियम लावण्याचे कारण मला सापडलेले नाही. त्यापेक्षा वही फिरवावी. डावखुऱ्याने ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीस-चाळीस अंश वळवली, की हात ओळीच्या खाली राहतो आणि ओल्या अक्षरांना लागत नाही. शिरोरेघ त्याने खुशाल उजवीकडून डावीकडे काढावी. मग निब ओढली जाते आणि रेघ सरळ येते. रेघ कोणत्या बाजूने काढली, हे वाचणाऱ्याला कळतही नाही. तरीही 'रेघ डावीकडूनच' असा हट्ट धरणारे शिक्षक आहेत. त्यांनी एकदा डाव्या हातात झरणी धरून दोन्ही बाजूंनी रेघ काढावी आणि दोन्ही रेघा भिंगातून पाहाव्यात.

वही अशी तिरपी ठेवायला जागा लागते. म्हणून डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे. शेजाऱ्याच्या कोपराचा धक्काही मग लागत नाही.