विश्लेषण : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकत, कल्पनेतल्या राक्षसाशी लढताना दिसतात. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याचे नियम शेकडो पानांचे, तरीही प्रत्येक टेबलावर तो थोडा वेगळा खेळला जातो. हा त्याचा दोष नव्हे, प्राण आहे. खरा प्रश्न आहे तो नियम कोणी आणि कधी बदलावेत हा.

खेळ चालतो कसा?

एक जण सूत्रधार होतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेतात. समजा, एक खेळाडू म्हणाला, ‘मी झुंबराला लटकून शत्रूच्या मागे उडी मारतो.’ पुस्तकात झुंबराचा नियम नसतो. मग सूत्रधार त्या कृतीचा अवघडपणा ठरवतो. साधारणपणे सोप्या कामाला 10, मध्यमला 15, कठीणला 20. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवतो. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, तर उडी जमली. म्हणजे चौकट पुस्तकाची, निवाडा माणसाचा.

ही मोकळीक आली कुठून?

तिचे मूळ युद्धखेळांत आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात नकाशा आणि फाशांवर चालणारा ‘क्रिग्जश्पील’ आला. त्याचे नियम किचकट होते. 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नोआ या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असे सुचवले. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले. डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ खेळात ते वापरून पाहिले, अपुरे पडले तिथे स्वतःचे नियम घातले. या प्रयोगांतून 1974 मध्ये गायगॅक्स-आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. हा खेळच मुळात दुसऱ्या खेळाच्या नियमांत केलेल्या फेरफारातून जन्मला आहे.

घरचा नियम पुस्तकात जातो का?

अनेकदा जातो. फाशावर 20 पडले की दुप्पट इजा, ही कल्पना खेळाडूंची आवडती. गायगॅक्स यांनी 1979 च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत तिला विरोध केला होता. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र जबर वाराचा नियम मुख्य नियमांत आला. दुसरे उदाहरण ताजे आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत जखम भरणारे औषध पिण्यात पात्राची पूर्ण कृती खर्च होई. अनेक टेबलांवर हे काम ‘बोनस’ कृतीत उरकू दिले जाई. 2024 च्या सुधारित पुस्तकाने तेच स्वीकारले.

मग वाटेल तो बदल चालेल?

नाही. गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ हा नियम डाव सुरू होण्याआधी ठरतो. झेल घेतल्यावर नाही. इथेही तेच. बदल फासा पडण्याआधी सांगितलेला हवा, सर्वांना सारखा लागू हवा आणि एकदा दिलेला निवाडा पुढच्या वेळीही टिकायला हवा. काही सूत्रधार पडद्याआड पडलेला आकडा गुपचूप बदलतात. हेतू चांगला असतो, आवडते पात्र वाचवण्याचा. पण निकाल आधीच ठरणार असेल, तर फासा टाकायचा कशाला? एखादे पात्र मरू नये असे वाटत असेल, तर तसा नियम उघडपणे करावा. आयत्या वेळी सुचलेली तोड आणि लपवलेली फिरवाफिरव यांत हाच फरक आहे.

कंपनीलाही हीच कसोटी लावावी?

जरूर. 2000 मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने खुला परवाना दिला आणि मूळ नियमांवर आधारित साहित्य विकण्याची इतरांना मुभा मिळाली. त्यावर अनेक छोट्या प्रकाशकांचे व्यवसाय उभे राहिले. जानेवारी 2023 मध्ये फुटलेल्या नव्या मसुद्यात जुना परवाना मोडीत काढण्याची आणि साडेसात लाख डॉलरच्या वरील उत्पन्नावर 25 टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन घेण्याची तरतूद होती. हा फासा पडल्यावर बदललेला नियम होता. खेळाडू संतापले, त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन नियमांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. ऑगस्ट 2024 मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ या डिजिटल मंचावर जुन्या मंत्रांच्या जागी नवे आणण्याची घोषणा झाली. तीही विरोधानंतर काही दिवसांत मागे घ्यावी लागली.

पुढे काय?

छापील पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने दुरुस्ती करता येते. ॲपमधला नियम मात्र रातोरात, कोणालाही न विचारता बदलू शकतो. खेळ पडद्यावर सरकत असताना जपायचा आहे तो समासातल्या त्या पेन्सिलीचा हक्क. तो टेबलाभोवती बसलेल्यांचा आहे. त्यांनी तो बिनधास्त वापरावा, फक्त फासा हातातून सुटण्याआधी.